फुगडी मंडळाचा पेंटबॉल

नव्या नऊवारींसाठी साठवलेले पैसे पेंटबॉलमध्ये घालायचे, हा ठराव गोव्यातल्या पेडण्याच्या सातेरी महिला फुगडी मंडळानं एकमतानं संमत केला. एकमतानं झालेल्या ठरावाचा त्रास असा, की पुढं खापर फोडायला विरोधातलं कोणी शिल्लक राहत नाही. मग ते प्रमुखाच्या डोक्यावर फुटतं. मंडळाच्या प्रमुख सुलोचनाबाई शेट्ये होत्या.

सुलोचनाबाई सरकारी कचेरीत वरिष्ठ कारकून होत्या. पण कचेरीत, घरात आणि मंडळात त्यांचं खरं काम एकच, ते म्हणजे बघणं. कोण कुठं आहे, काय करतंय, काय करायचं विसरलंय, हे त्या बघत. फुगडी चालू असताना गाणं सांगायचं त्यांनी, गिरकीही घ्यायची, आणि त्याच गिरकीत सुमनचा पदर सुटलाय का, वत्सलाचं पाऊल पुढं पडलंय का, सुशीला पुन्हा उलट्या बाजूला वळली का, हेही बघायचं. सुशीला बहुधा वळलेली असायची. मग सुलोचनाबाई ओळ न तोडता तिला खांद्यानं सुलट करत. हे कौशल्य सोपं नाही. परीक्षकांना ते कधी दिसलं नाही, ही गोष्ट वेगळी.

परीक्षकांना दिसत डिचोलीच्या बायका. गणपतीच्या चवथीतल्या फुगडी स्पर्धेत डिचोलीचं मंडळ दरवर्षी नव्या कोऱ्या साड्या नेसून उतरे आणि पहिला नंबर घेऊन जाई. पेडण्याच्या मंडळानं यंदा जांभळ्या काठाच्या साड्या घ्यायचं नक्की केलं होतं. दुकानदाराला काठ सांगूनही झाला होता. तेवढ्यात वत्सलाची सून पूजा ती बातमी घेऊन आली.

पूजा कोल्हापूरकडची. नवरा तुयेच्या कारखान्यात, आणि ही मोरजीच्या बाजूला पर्यटकांना खेळ खेळवणाऱ्या एका ठिकाणी कामाला. चवथीच्या आधी वास्कोला बायकांची पेंटबॉल स्पर्धा आहे, तिनं सांगितलं. पहिल्या बक्षिसात आपल्या सगळ्यांच्या साड्या दोनदा येतील. डिचोलीच्या फुगडीवाल्यांनी नाव घातलंय. या तीन वाक्यांपैकी तिसरं बोलून झाल्यावर पहिली दोन कोणाच्या लक्षात राहिली नाहीत.

पेंटबॉल म्हणजे काय, हे ठराव झाल्यानंतर विचारलं गेलं. पूजानं समजावलं. हवेच्या जोरावर चालणारी एक बंदूक असते, पण तिला बंदूक म्हणायचं नाही, मार्कर म्हणायचं. तिच्यातून गोटीएवढी रंगाची गोळी सुटते. ती ज्याच्या अंगावर फुटली तो बाद. पाच जणी इकडं, पाच जणी तिकडं, मध्ये एक झेंडा. पिंपं, टायर, पोती यांच्या आडोशानं पुढं सरकायचं आणि झेंडा घेऊन समोरचं टोक गाठायचं. एवढंच. सुमन म्हणाली की हे तर अगदीच सोपं आहे. सुमनला सगळंच सोपं वाटे, कारण तिचं निम्मं लक्ष पुढं काय बोलायचं याच्याकडं असे.

संघ झाला. सुलोचनाबाई, वत्सला, सुमन, सुशीला, आणि पाचवी पूजा स्वतः. नावावरून मात्र अडलं. वत्सलाचं म्हणणं, राज्य झालं, राजभाषा झाली, नाव कोंकणीत असायला हवं. सुमनचं म्हणणं, आरत्या मराठीत, फुगडीची गाणी मराठीत, मग बंदूकच तेवढी कोंकणीत कशाला. पूजानं ती बंदूक नाही, मार्कर आहे अशी दुरुस्ती केली, पण ती कोणी ऐकली नाही. तीन बैठका झाल्या. तिसऱ्या बैठकीत १९८७ साली राजभाषेच्या वादात कोण कुठल्या मोर्चात होतं, इथपर्यंत गोष्ट गेली. अखेर नावाची जागा कोरी ठेवून नोंदणी झाली, आणि आयोजकांनी आपल्या मनानं तिथं 'पेडणे ब' असं घातलं. 'अ' संघ पेडण्यात नव्हता. पण रस्त्यात भेटणारा प्रत्येक जण सुलोचनाबाईंना विचारू लागला, की 'अ'मध्ये कोण कोण आहे, आणि तुम्हाला तिथं का घेतलं नाही.

या खेळात पैसा कुठं जातो, हे हळूहळू उमगलं. मार्कर आणि तोंडावरचे मुखवटे पूजाच्या ओळखीनं भाड्यानं मिळाले. पण गोळ्या विकतच घ्याव्या लागतात, आणि त्या उडवल्या की गेल्या. त्यातून सुमनचं बोट एकदा घोड्यावर पडलं की सुटत नसे. पहिल्याच दिवशी तिनं एका नारळाच्या झाडावर जांभळ्या काठाच्या दोन साड्या उडवल्या, असं वत्सला म्हणाली. त्यानंतर मंडळात खर्चाचा हिशेब रुपयांत न होता साड्यांतच होऊ लागला.

उरलेल्या गोळ्या ठेवायच्या कुठं, हा प्रश्न त्याहून अवघड निघाला. दिवस श्रावणाचे. पेडण्याच्या पावसाळ्यात मीठ पाझरतं, पापड चामड्यासारखे होतात; या गोळ्याही दमट हवेनं फुगून मार्करच्या नळीत अडकू लागल्या. शेजारचे महादेव परब जन्मभर वास्को बंदरातल्या गोदामात होते. ओल या विषयावर त्यांच्याशी वाद घालणारं आळीत कोणी नव्हतं. त्यांनी गोळ्या तांदळाच्या डब्यात पुरायला सांगितलं. सुलोचनाबाईंनी पुरल्या. दोन दिवस सगळं ठीक होतं. तिसऱ्या दिवशी सुमन आली आणि गप्पांच्या भरात या गोळ्यांचं कवच जिलेटीनचं असतं आणि जिलेटीन हाडांपासून करतात, ही माहिती तिनं सुलोचनाबाईंच्या सासूबाईंना, चंद्रभागाबाईंना, पुरवली.

चंद्रभागाबाई श्रावणात कांदासुद्धा घराच्या उंबऱ्याआत येऊ देत नसत. त्या उठल्या, तांदळाचा डबा पायानंच ढकलत अंगणात नेला आणि मग म्हणाल्या, "ह्या हाडांचा माझ्या घरात चवथीपर्यंत येवचा नाय." डबाभर तांदूळ बाद झाला. तो शेवटी परबांनी नेला. त्यांच्या घरी श्रावण पाळत नसत. गोळ्या न्हाणीघराच्या माळ्यावर गेल्या आणि फुगल्या. वत्सलाच्या फ्रिजमध्ये गेल्या आणि इतक्या कडक झाल्या, की दोन-चार तिथंच फुटून दुधाची पिशवी केशरी झाली. अखेर परबांनीच नैतिक जबाबदारी स्वीकारली आणि त्या आपल्या लोखंडी कपाटात डांबरगोळ्यांच्या शेजारी ठेवल्या. तिथं त्या छान राहिल्या. वास तेवढा लागला.

याच दिवसांत पंचायत निवडणुकीची आचारसंहिता लागली होती. सुलोचनाबाईंचे पती गोकुळदास डिचोलीच्या एका खाणीवर हिशेबनीस होते. खाण बंद पडली तसे ते घरी आले, आणि तेव्हापासून सुलोचनाबाई सांगतील तिथं जाऊन सांगतील ते आणणं हा त्यांचा दिनक्रम झाला होता. त्यांना बोलायची फारशी सवय नव्हती, आणि कामात चूकही होत नसे. त्या दिवशी त्यांना मोरजीहून पाच मार्कर आणि वाटेत बाजारातून तांबडी भाजी आणायला सांगितलं होतं. दोन्ही त्यांनी एकाच पिशवीत घातलं. भाजीच्या जुड्यांतून पाच काळ्या नळ्या वर आलेल्या, आणि स्कूटर बाजाराच्या मधोमध सिग्नल नसलेल्या चौकात गर्दीमुळं थांबलेली, असं दृश्य तिथं प्रचार करणाऱ्या एका उमेदवारानं पाहिलं. पुढच्या चहाच्या आत गोकुळदास, भाजी आणि मार्कर पोलीस ठाण्यात होते.

सुलोचनाबाई कचेरीतून रजा टाकून धावल्या. हवालदार सभ्य होते. त्यांची अडचण एवढीच होती, की निवडणूक संपेपर्यंत गावातली सगळी परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करायचा हुकूम होता. म्हणून हे मार्कर जमा करून घ्यायला हवे होते. पण जमा करताना परवान्याचा नंबर लिहावा लागतो, आणि यांना परवानाच नव्हता, कारण ती हत्यारं नव्हती. हत्यारं नसल्यामुळं जमा करता येत नव्हती, आणि हत्यारांसारखी दिसत असल्यामुळं सोडताही येत नव्हती. सुलोचनाबाईंनी आपल्या टेबलावर अशी कोंडी स्वतः कित्येकदा घातली होती, त्यामुळं त्यांना हवालदारांविषयी राग न येता आदरच वाटला. त्यांनी तिथंच कागद मागून 'ही खेळाची साधनं असून त्यांतून रंग उडतो' असं प्रतिज्ञेवर लिहून दिलं. हवालदारांनी ते वाचलं आणि प्रात्यक्षिक मागितलं. ठाण्यासमोरच्या दगडी गडग्यावर एक गोळी मारून दाखवा.

एका मार्करात एक गोळी राहिली होती. सुलोचनाबाईंनी नेम धरला. गोळी ओलीनं थोडी फुगलेली होती. ती गडग्याच्या वरून वळली आणि रस्त्यापलीकडच्या 'निर्भयपणे मतदान करा' या फलकावर, बरोबर 'निर्भय'च्या वर फुटली. हवालदारांना ते रंग असल्याचं पटलं आणि त्यांनी मार्कर सोडले. फलक मात्र स्वच्छ करून द्यावा लागला. बाजाराचा दिवस, भर दुपार, आणि स्टुलावर चढून बाल्दी-फडक्यानं सरकारी फलक पुसणाऱ्या वरिष्ठ कारकून. स्टूल गोकुळदासांनी धरलं होतं. खालून जाणाऱ्या ओळखीच्या प्रत्येक माणसानं सुलोचनाबाईंना कोणत्या उमेदवाराकडून आहात असं विचारलं. सुलोचनाबाई फडकं पिळत राहिल्या. त्या रात्री त्या जेवल्याही थोडंच.

सराव वत्सलाच्या परसातल्या माडांत चाले. आणि इथं एक गोष्ट पहिल्या दिवसापासून दिसू लागली, जिच्याबद्दल बरेच दिवस कोणी बोललं नाही. पूजा दोन पाहुण्या मैत्रिणींना घेऊन समोर उभी राही आणि खेळ सुरू होई. सुरू होताच सर्वांत आधी बाद होत सुलोचनाबाई. रोज, न चुकता. त्या चांगल्या जाड माडामागं बसत. नेमही त्यांचा वाईट नव्हता. पण बसल्यावर थोड्याच वेळात त्यांना वाटे, सुशीला बरोबर वळली असेल ना. आणि त्या मान वर काढून बघत. गोळी तिथंच लागे.

उलट सुशीला. नाचताना जिला डावं-उजवं कळत नसे ती सुशीला शेवटपर्यंत राही. ती तुयेला औषधांच्या डब्यांच्या कारखान्यात कामाला होती, आणि दीर-जावांच्या भरल्या घरात नांदलेली. भरल्या घरात एखादा आंबा कोणाच्या नजरेस न पडता खायचा, तर माणसाला किती गप्प आणि किती वेळ बसता आलं पाहिजे, हे तिला ठाऊक होतं. ती माडाच्या बुंध्याशी अशी मिटून बसे, की तिच्याच बाजूच्या लोकांना ती सापडत नसे. गोळ्याही फार उडवत नसे. तिच्या एका आठवड्याच्या खर्चात, वत्सलाच्या हिशेबानं, नुसता पदर आला असता.

गोळी लागते तिथं वर्तुळाकार काळानिळा डाग पडतो. सुलोचनाबाईंच्या दंडांवर आणि खांद्यांवर असे डाग दाटले. ताप आला म्हणून त्या डॉक्टरांकडे गेल्या तेव्हा डॉक्टरांनी ते डाग बघितले, त्यांना काही विचारलं नाही, पण बाहेर बाकावर बसलेल्या गोकुळदासांकडे इतका वेळ बघितलं, की गोकुळदासांनी आपलंच काही चुकलं समजून चप्पल काढून हातात घेतली. आळीत कुजबुज सुरू झाली. परब गोकुळदासांशी बोलेनासे झाले. मग सुमननं घरोघर जाऊन खुलासा केला, की तसं काही नाही, सुलोचनावैनींना बंदुकीच्या गोळ्या लागल्यात. त्यानंतर पोदेरसुद्धा पाव दारात ठेवून घंटी न वाजवता जाऊ लागला.

पूजानं आडून आडून सांगून बघितलं. "मावशी, तुमी डोस्कं वर काढताय," ती म्हणे. सुलोचनाबाईंना ते आवडत नसे. सून वत्सलाची, वयानं एवढीशी, आणि शिकवतेय कोणाला. त्या म्हणत, "कोणीतरी बघायला नको?" सासूच्या मैत्रिणीला यापुढं काय सांगायचं असतं, हे कोल्हापूरकडेही शिकवत नाहीत.

शेवटी बोलली वत्सला. दोघी शाळेपासूनच्या मैत्रिणी, आणि एवढ्या वर्षांत वत्सलानं सुलोचनाबाईंना कधी उलट शब्द दिला नव्हता. स्पर्धा चार दिवसांवर आली होती. त्या दिवशी सुलोचनाबाई मान वर काढून बाद झाल्या; त्यांच्या जागेतून समोरच्या मुली आत शिरल्या आणि वत्सलाच्या पाठीवर तीन गोळ्या जवळून फुटल्या. वत्सलानं मुखवटा काढला, पायरीवर बसली आणि शांतपणे म्हणाली, "सुलोचना, तू आमच्याकडे बघतंस ना, तेव्हा आमी पाचाच्या चार होतो. तुझ्या बघण्याचा खर्च आमका परवडणारा नाय."

सुलोचनाबाईंनी मार्कर भिंतीला टेकवला, छत्री घेतली आणि घरी आल्या.

पुढचे दोन सराव त्यांच्याशिवाय झाले. त्या कचेरीत गेल्या, घरी आल्या, सासूबाईंचं केलं, आणि त्यांच्या मनातून ते वाक्य हललं नाही. सासरे गेले तेव्हा सगळं कोणी बघितलं? खाण बंद पडली आणि गोकुळदास तीन महिने खिडकीशी बसून राहिले, तेव्हा घर कोणी बघितलं? वत्सलाच्या मुलाच्या लग्नात आचारी पळाला तेव्हा? हे सगळं खरं होतं. पण त्या परसात बुंध्यांमागं बसलेल्या बाकीच्यांना कोणी बघायची गरज नव्हती, हेही खरं होतं, आणि तेच पचत नव्हतं. संघ सोडायचा त्यांनी जवळजवळ ठरवलं. पण नोंदणी पाचच नावांची होती. त्या गेल्या नाहीत तर चौघींनाही खेळता येणार नव्हतं, आणि साड्या तर गेल्याच होत्या. शनिवारी त्या वत्सलाकडे गेल्या. दारातूनच म्हणाल्या, की मी काय करायचं ते पूजानं सांगावं, मी तेवढंच करीन. वत्सलानं त्यांना चहा दिला. त्या विषयावर दोघींत याहून जास्त बोलणं झालं नाही.

रविवारी सकाळी टेम्पो वास्कोला पोचला. मुखवटे आणि गोळ्या सांभाळायला गोकुळदास होते. पावसामुळं स्पर्धा एका मोठ्या जुन्या गोदामात ठेवली होती. आत पिंपं, टायर, पोत्यांच्या भिंती. कुठल्याशा कंपनीच्या मुली, वास्कोच्या कॉलेजच्या मुली, आणि एका कोपऱ्यात एकसारखे गुलाबी टी-शर्ट घातलेल्या डिचोलीच्या बायका. त्यांची प्रमुख दीपा पुढं येऊन गोड हसली आणि तुमचा 'अ' संघ कधी उतरणार असं विचारून गेली. डांबरगोळ्यांच्या वासानं कंपनीच्या मुली थोड्या दूर सरकल्या.

पहिला खेळ त्यांच्याशीच होता. शिट्टी झाली. सुलोचनाबाई पिंपामागं बसल्या. त्यांनी निश्चय केला होता. पण गोदामात अंधार होता, सुशीला कुठं गेली ते कळलं नव्हतं, आणि सवय ही निश्चयाच्या आधीची होती. त्यांनी फक्त एकदा वर बघितलं. गोळी मुखवट्यावर मधोमध फुटली आणि त्यांना सगळं जग केशरी दिसलं.

बाद झालेल्यांनी बाजूच्या बाकावर बसायचं आणि तोंडातून शब्द काढायचा नाही, खूणही करायची नाही, असा तिथला कडक नियम होता. केली तर संघच बाद. सुलोचनाबाई बाकावर बसल्या. त्यांना सगळं दिसत होतं. सुमन गोळ्या उधळतेय, वत्सलाच्या डाव्या बाजूनं एक मुलगी येतेय, हे ओरडून सांगायला त्यांचा जीव तडफडत होता. त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि ओठ दाबून धरले. आणि त्यांनी न सांगताच वत्सलाला ती मुलगी दिसली. पूजानं हाक घातली, सुमननं तिकडं रंगाचा पाऊस पाडला, आणि सगळ्यांचं लक्ष तिथं असताना सुशीला कुठूनशी उगवली आणि झेंडा घेऊन चालत, अगदी बाजारातून आल्यासारखी, पलीकडच्या टोकाला गेली. पेडणे 'ब' जिंकलं.

सगळ्याजणी नाचल्या. सुलोचनाबाईही नाचल्या. पण हरण्यानं लागलं नसतं इतकं ते जिंकणं त्यांना लागलं.

दुसरा खेळ डिचोलीशी. पूजानं त्यांना मागच्या पोत्यांच्या भिंतीशी नेऊन बसवलं. समोर टायरांच्या दोन ढिगांमध्ये हातभर फट होती. "मावशी, ह्या फटीकडं बघायचं. दुसरं कायबी बघायचं नाय. मागं कोण मरूदे नायतर जगूदे." सुलोचनाबाईंनी मान हलवली.

शिट्टी झाली. त्या फटीकडे बघत राहिल्या. डावीकडं सुमन ओरडत होती. गोळ्या पोत्यांवर थपथप आपटत होत्या. कोणीतरी धावलं, कोणीतरी पडलं, आणि एकदम वत्सलाचा आवाज आला, "आई गे." तो रंग लागल्याचा आवाज नव्हता, पाय मुरगळल्याचा होता. वत्सलाचे सगळे आवाज त्यांना पाठ होते. त्यांची मान आपसूक वळू लागली. सुलोचनाबाईंनी डाव्या हातानं आपली हनुवटी धरली आणि ती समोर ठेवली. डोळ्यांत पाणी आलं, मुखवट्याची काच धुकट झाली, फट नुसती एक पांढरी रेघ उरली. त्या रेघेत काहीतरी गुलाबी हललं. त्यांनी घोडा दाबला.

दीपा कमरेवर केशरी डाग घेऊन उठली तेव्हा झेंडा तिच्या हातात होता. डिचोलीची ती शेवटची बाई होती.

वत्सला लंगडत आली. पाय थोडासाच मुरगळला होता. "माझो आवाज ऐकलंस?" तिनं विचारलं. "ऐकलंय," सुलोचनाबाई म्हणाल्या. "आणि बघूक नाय?" "नाय." वत्सलानं त्यांचा हात जो धरला तो अंतिम सामन्याचं नाव पुकारेपर्यंत सोडला नाही.

अंतिम सामना लवकर आटोपला. वास्कोच्या कॉलेजच्या मुली वाऱ्यासारख्या धावत. सुमन, वत्सला, पूजा गेल्या. सुशीलालासुद्धा त्यांनी शोधून काढलं. सुलोचनाबाई आपल्या जागी, आपल्या फटीकडे बघत राहिल्या. त्या फटीतून कोणीच आलं नाही. मुलींनी झेंडा दुसऱ्याच बाजूनं नेला, शिट्टी झाली, टाळ्या झाल्या, पाणी वाटलं गेलं, आणि शेवटी पंच स्वतः येऊन त्यांच्याजवळ वाकला आणि अदबीनं म्हणाला, की मावशी, खेळ संपला.

दुसऱ्या बक्षिसात चषक आणि प्रत्येकीला तोंडाला लावायच्या क्रीमची पेटी होती. रोख रक्कम पहिल्यालाच. न्हाणीघराच्या नळावर रंग धुताना सुलोचनाबाईंच्या शेजारी दीपा उभी होती. दोघी आपापले दंड चोळत असताना दीपानं हलक्या आवाजात विचारलं, की तुम्ही गोळ्यांचे पैसे कुठून घातले. साड्यांचे, सुलोचनाबाई म्हणाल्या. दीपानं नळ बंद केला. "आमचेय साड्यांचेच," ती म्हणाली. यंदा चवथीला दोन्ही मंडळं जुन्याच साड्यांत उतरणार होती. आपल्या डोक्यावरचा मोठा दगड कोणीतरी उचलून खाली ठेवल्यासारखं सुलोचनाबाईंना वाटलं, आणि त्यांनी आपल्या पेटीतलं एक क्रीम दीपाला दिलं.

परतीला टेम्पो झुआरीच्या पुलावर येण्याआधीच सुलोचनाबाई झोपल्या. एरवी प्रवासात त्या डोळा मिटत नसत. सुमननं आपला पदर त्यांच्या डोक्याखाली दिला आणि स्वतः पेडण्यापर्यंत गप्प बसली. असं मंडळाच्या इतिहासात पूर्वी झालं नव्हतं.

पेडण्याला सामान उतरलं. चषक उतरला, मार्कर उतरले. मग पूजा इकडंतिकडं बघत म्हणाली, "काका कुठं हायत?"

टेम्पोत गोकुळदास नव्हते. त्यांची पिशवी होती, पिशवीत फोनही होता. सगळ्यांनी एकमेकींकडे बघितलं आणि मग सगळ्या मिळून सुलोचनाबाईंकडे. सुलोचनाबाई जागेवरच उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज नीट होता.

"आज मी बघायचं नाय," त्या म्हणाल्या, "असं तुमीच ठरवलेलात."

गोकुळदास दिवे लागल्यावर आले. वास्कोहून पणजी, पणजीहून म्हापसा, म्हापशाहून पेडणे, अशा तीन गाड्या बदलून, भिजून. मुखवट्यांचा एक पट्टा आत राहिला होता, तो शोधायला ते गोदामात गेले होते. बाहेर आले तर टेम्पो फाटकातून निघत होता. सुलोचनाबाईंनी दारातच त्यांच्या डोक्यावर पंचा टाकला.

"टेम्पो जाताना बघितलात ना?"

"बघितलंय."

"मगे हाक कित्याक मारूक नाय?"

गोकुळदासांनी पंचा हातात घेतला. प्रश्न त्यांना नवीन होता, त्यामुळं त्यांनी थोडा विचार केला.

"माका वाटला, तू बघितलं असशील," ते म्हणाले. "तू बघून गाडी सोडलंस, म्हणजे काय तरी कारण असतला."

सुलोचनाबाई आत गेल्या. आमटी पुन्हा तापवली, ताट वाढलं, आणि ते जेवून उठेपर्यंत समोर बसून त्यांच्याकडे एकटक बघत राहिल्या. भात चांगला झाला होता. पण त्या बघण्यासमोर गोकुळदासांना आणखी मागायचा धीर झाला नाही. मग सुलोचनाबाईंनीच न मागता वाढला.